लाय-पेहचा उंचवटा

चियायीच्या बेसबॉल मैदानावर अठ्ठावीस वर्षं माती राखणाऱ्या माणसाचं आडनाव थो होतं, आणि आमच्या बोलीत मातीलाही थोच म्हणतात. लिहिताना अक्षरं वेगळी, पण हाक मारताना अक्षरं कोण बघतो? शाळेत पोरं त्यांना 'ए माती!' म्हणायची. पुढे वीटभट्टीवर कामाला लागल्यावर मुकादमही तेच म्हणू लागला. पूर्ण नाव थो बान-लाय. केस पिकले तसे सगळे त्यांना लाय-पेह म्हणू लागले. पेह म्हणजे थोरले काका. पुतणे नव्हते, पण काका ते सगळ्या मैदानाचे होते.

माती ओळखायची त्यांची रीत साधी होती. चिमूटभर उचलायची, जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे. मग थुंकून सांगायचे, "वाळू जास्त आहे," नाहीतर "ही भातशेतातली, पाणी धरून बसेल." आ-लुईला बघायला गेले तेव्हा तिच्या अंगणातलीही माती त्यांनी चाखली होती. आ-लुईच्या आईने आत जाऊन नवऱ्याला हळूच विचारलं, "मुलगा उपाशी आला आहे का?" लग्न झालं. पण सासरी गेले की सासूबाई त्यांच्यापुढे आधी खायला आणायच्या आणि मग बसायला सांगायच्या.

स्वतः ते कधी बेसबॉल खेळले नाहीत. चेंडू फेकला की तो भलतीकडेच जायचा. मॅच बघायचे तीही आपल्याच तऱ्हेने. कुंपणाशी उकिडवे बसून खेळाडूंची फक्त पावलं न्याहाळायची. मोठमोठे खेळाडू बाजारात समोर आले तर लाय-पेह ओळखणार नाहीत, पण बुटाची टाच बघून सांगतील की हा तिसऱ्या बेसवरचा, हा डाव्या पायावर भार टाकतो. मैदानाच्या मधोमध जो दहा इंचांचा मातीचा उंचवटा असतो, ज्यावर उभं राहून पिचर चेंडू टाकतो, तो तर त्यांचा जीव होता. मॅच संपली की प्रेक्षक स्कोअर विचारत घरी जायचे आणि लाय-पेह उंचवट्यावर किती खड्डे पडले ते मोजायचे.

ही गोष्ट घडली त्या वर्षी लीगमध्ये सहा संघ होते, आणि आमची 'रानडुकरं' सलग दोन वर्षं सहावी आली होती. संघ एका सोया सॉस कंपनीच्या मालकीचा. कंपनीचे चेअरमन वर्षातून दोनदा मॅचला यायचे आणि दोन्ही वेळा रानडुकरं हरायची. तैपेईचे 'ससाणे' खेळायला आले की त्यांचे समर्थक डुकरासारखं चीत्कारून दाखवायचे, तेही तालात, ढोलावर. शेवटी चेअरमननी संघाचे व्यवस्थापक गान बेंग-ते यांना बोलावून सांगितलं, "मला एक खरा पिचर आणून द्या. बाहेरचा, नावाजलेला. आपल्या सॉसचं नाव त्याला ठेवू."

तेव्हा परदेशी खेळाडू आला की संघाचा मालक त्याचं नव्याने बारसं करायचा. ससाणे टायर कंपनीचे होते, म्हणून त्यांच्या दोन परदेशी खेळाडूंची नावं दोन टायरांची होती. चेअरमनच्या सगळ्यात महाग सॉसचं नाव होतं 'गोड दव'. ह्या नावाला साजेसा पिचर शोधायचा म्हणजे गान साहेबांच्या पोटात गोळाच आला. एरवीही ते पोटाचे कच्चे. कमरेचा पेजर वाजला की आधी पोटावर हात जायचा, मग पेजरवर.

असा पिचर सापडला डोमिनिकन देशात. एलिहिओ पॉलिनो. वय एकतीस, उंची दाराच्या चौकटीला कपाळ लागेल इतकी. दोन वर्षं अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये काढलेली, मेक्सिकोत नाव गाजवलेलं. अडचण एकच. ससाणेही त्याच्याच मागे होते, आणि त्यांच्याकडे काय नव्हतं? गान साहेबांनी फोन केले, पत्रं धाडली, आणि नवं वर्ष उलटून पंधरा दिवस होत नाहीत तोच पॉलिनोला तीन दिवसांसाठी चियायीला बोलावून घेतलं. दुभाषी म्हणून त्यांनी कुंग बाईंना धरलं. बाई पन्नाशीच्या, चर्चच्या शाळेत स्पॅनिश शिकवायच्या. व्याकरण चोख, चष्मा साखळीला बांधलेला, आणि तोंडातून वावगा शब्द म्हणून जायचा नाही.

पहिला दिवस मेजवानीत गेला. दुसऱ्या दिवशी पॉलिनोला कारखाना दाखवला. उन्हात मांडलेले सॉसचे चारशे रांजण. चेअरमन प्रत्येक रांजणापाशी थांबून बोलत होते आणि कुंग बाई प्रत्येक रांजणाचं भाषांतर करत होत्या. पॉलिनो मान हलवत होता. साठाव्या रांजणापाशी त्याने जांभई दिली. बाईंनी तिचं भाषांतर केलं, "पाहुणे म्हणतात, हवा फार आल्हाददायक आहे."

तिसऱ्या दिवशी त्याला मैदानावर आणलं. पॉलिनो कुणाशी न बोलता सरळ उंचवट्यावर चढला. हातात चेंडू नसतानाच त्याने तीनदा फेकल्यासारखं केलं. मग उकिडवा बसला, जिथे त्याचा डावा पाय पडला होता तिथे अंगठा दाबला, आणि काहीतरी म्हणाला.

कुंग बाई लाल झाल्या.

"काय म्हणतोय?" गान साहेबांनी विचारलं.

"पाहुण्यांना वाटतं, मातीत थोडी सुधारणा करता येईल."

"इतका वेळ बोलला तो आणि एवढंच?"

"मधला भाग मी गाळला आहे," बाई म्हणाल्या. "उरलेलं असं, की ह्याच्यावर शेळीसुद्धा उभी राहणार नाही."

लाय-पेह दहा हातांवर दाताळं घेऊन उभे होते. ते पुढे आले. "विचारा त्याला, कुठली शेळी? आणून उभी कर म्हणावं. पडली तर मी तिला कापून जेवायला घालतो."

"लाय-पेह!" गान साहेब कळवळले. "पाहुणा आहे तो."

"पाहुणा आहे म्हणूनच सांगतोय. मातीत दोष नाही. तो पाय आडवा टाकतो. सरळ पुढे टाकायचा तो वीतभर उजवीकडे टाकतो. तिथे कुठलाच पिचर पाय टाकत नाही, मग तिथली माती चोपलेली कशी असेल? सांगा त्याला, बाई. काही गाळू नका."

कुंग बाईंनी एकदा गान साहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बाईंनी सांगितलं, न गाळता. पॉलिनो उठून उभा राहिला. त्याने लाय-पेहना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. रबरी बूट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, ओठाला लागलेली माती. मग तो बोलला, आणि ह्या वेळी बाईंना काही गाळावं लागलं नाही.

"पाहुणे म्हणतात, मला माहीत आहे. मेक्सिकोत तसाच पाय घसरला, घोटा सुजला, अर्धा हंगाम गेला. पण ह्या वयात पाय बदलणार नाही. माती बदलता येते."

लाय-पेहनी दाताळं खाली ठेवलं. माणूस बोलला ते बरोबर होतं. पाय देवाने दिलेला, माती त्यांनी घातलेली. कोणाचं काम नव्याने करता येणार होतं हे उघड होतं.

"किती वेळ आहे?" त्यांनी विचारलं.

"उद्या संध्याकाळी त्याचं तैपेईहून विमान," गान साहेब म्हणाले.

"माती बसायला दोन दिवस लागतात."

"दोन दिवस मी त्याला ठेवू कुठे?"

"घेऊन जा गरम पाण्याच्या झऱ्यावर. चिखलाच्या पाण्यात बसवा. म्हणावं, अंगाला चांगलं असतं."

गान साहेबांनी विमान पुढे ढकललं आणि पॉलिनोला डोंगरातल्या झऱ्यावर नेऊन बसवलं. इकडे लाय-पेहनी अख्खा उंचवटा उकरला. स्कूटरला हातगाडी बांधून गावाबाहेरच्या बंद पडलेल्या वीटभट्टीवर गेले. वयाच्या तेराव्या वर्षी ज्या खड्ड्यातून ते माती उपसत, त्यातूनच त्यांनी चार खेपा चिकणमाती आणली. प्रत्येक खेपेची चव घेतली. विटांचा चुरा चाळला, वाळू धुतली.

आ-लुईची स्टेडियमच्या दारात टर्कीभाताची गाडी होती. ती हात पुसत आत आली आणि नवऱ्याचा अवतार बघून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "घरात न्हाणीची फरशी वर्षभर डुगडुगतेय, तिथे मूठभर सिमेंट टाकायला तुला सवड नाही. आणि कोण कुठला उंट आला तर त्याच्यासाठी डोंगर रचतोयस!"

"न्हाणीतून कुणी ताशी दीडशेच्या वेगाने चेंडू टाकतं का?" लाय-पेह म्हणाले.

"मी टाकेन. आज रात्री. तांब्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मैदानाच्या फाटकाशी टॅक्सी थांबली आणि तिच्यातून पॉलिनो उतरला. अर्धा तास चिखलात बसल्यावर त्याला कंटाळा आला होता. त्याने गान साहेबांना तिथेच पाण्यात सोडलं आणि कुंग बाईंना घेऊन निघून आला. लाय-पेह पाण्याने कालवलेली माती तुडवत होते. पॉलिनोने बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि बाजूला उभा राहून तोही तुडवू लागला. कुंग बाई खुर्ची घेऊन बसल्या, पण त्यांना फारसं काम उरलं नाही. लाय-पेहनी दोन बोटं दाखवली की पॉलिनो दोन बादल्या पाणी आणायचा. त्याने नाक मुरडलं की लाय-पेह वाळू टाकायचे. थरावर थर चढला, पाणसळ लागली, सुतळी ताणली गेली. धुम्मसाने चोपायची वेळ आली तेव्हा दोघे समोरासमोर उभे राहिले आणि आलटून पालटून घाव घालू लागले. जिथे त्याचा डावा पाय पडायचा, त्या वीतभर उजवीकडच्या जागेवर लाय-पेहनी वेगळी माती घातली, जास्त चिकट. ती चोपायला त्यांनी पॉलिनोला हात लावू दिला नाही.

दुपारी आ-लुईने टर्कीभात आणला. पॉलिनोने सहा वाट्या खाल्ल्या. चौथ्या वाटीनंतर तिने त्याला उंट म्हणणं बंद केलं. "कुणाचं तरी लेकरूच आहे," ती म्हणाली आणि त्याच्या वाटीत रस्सा ओतला.

दोन दिवसांनी माती बसली. समोर चेंडू झेलणारा कॅचर होम प्लेटमागे बसला, पॉलिनो उंचवट्यावर गेला. पहिला चेंडू त्याने जपून टाकला. दुसरा कमी जपून. तिसऱ्याला कॅचरच्या हातमोज्यात असा फटकन आवाज झाला की बाहेर आ-लुईच्या गाडीवर जेवणाऱ्यांनी वर पाहिलं. बारा चेंडू टाकून पॉलिनो खाली उतरला, वळला, आणि त्या उंचवट्याकडे बघत टोपी काढली.

गान साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दुपारी त्यांनी 'गोड दव' नावाची जर्सी शिवायला टाकली.

पॉलिनो तैपेईला गेला. तिथे विमानतळाजवळच्या हॉटेलात ससाण्यांची माणसं दोन दिवस दबा धरून बसली होती. त्यांनी त्याच्यापुढे काय काय मांडलं ते कुणाला नक्की कळलं नाही. बायकामुलांसाठी घर, गाडी, मुलांची शाळा, असं लोक बोलत होते. विमान सुटायच्या आत त्याने सही केली. तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पॉलिनो हसतोय, छातीवर टायरचं नाव.

गान साहेब तो पेपर घेऊन मैदानात आले आणि त्यांनी उंचवट्याला लाथ घातली.

"लाथ मारू नका, साहेब," लाय-पेह म्हणाले. "आतून अजून ओला आहे."

"हरामखोर! सहा वाट्या भात खाऊन गेला!"

"त्यातल्या पाच झऱ्यावरून उपाशी आल्यामुळे. तिथे काही खायला घातलं नाहीत तुम्ही."

हंगाम सुरू झाला. पॉलिनो टायरचं नाव घालून एकामागून एक मॅच जिंकत गेला. सात मॅच, सात विजय. आणि मे महिन्यात वेळापत्रक लागलं, की रविवारी दुपारी चियायीत ससाणे विरुद्ध रानडुकरं, पिचर पॉलिनो.

शनिवारी गान साहेब लाय-पेहना कुंपणाशी घेऊन गेले. आवाज खाली आणून म्हणाले, "ती वीतभर उजवीकडची जागा. तिथे आपला पिचर पाय टाकतो का?"

"नाही. आपला सरळ टाकतो."

"म्हणजे तिथे फक्त तोच टाकतो."

"हो."

"मग ती जागा जरा मऊ झाली, तर नियमाबाहेर काही होत नाही. पंच उंची मोजतात. मऊपणा कोण मोजतो?" गान साहेबांनी पोटावर हात ठेवला. "चेअरमन येणार आहेत, लाय-पेह. वर्षातून दोनदा येतात."

लाय-पेहनी दाताळं खांद्यावर घेतलं. घरी जाऊन जेवताना आ-लुईला सांगितलं.

"कर मऊ," ती ताडकन म्हणाली. "माझ्या हातचं खाऊन टायरवाल्यांकडे गेला, निर्लज्ज. एक शब्द सांगून जायचं होतं." तिने लोणच्याचा मुळा कडाकडा चावला. मग चावणं हळू झालं. "किती मऊ?"

"एवढं," लाय-पेहनी मूठ दाखवली.

"घोटा मोडेल?"

"मुरगळेल. मोडेलही. आडवा टाकतो ना."

आ-लुईने वाटी खाली ठेवली. "त्याने मला मुलींचा फोटो दाखवला होता," ती म्हणाली. "दोघी. दात पडलेल्या." आणि उठून भांडी घासायला गेली. ह्या बाबतीत तिचं म्हणणं काय, ते तिने पुढे सांगितलं नाही.

रविवारी सकाळी लाय-पेह खुरपं आणि झारी घेऊन उंचवट्यावर गेले. वर प्रेक्षकांच्या रिकाम्या बाकांवर गान साहेब एकटेच येऊन बसले होते. लाय-पेहनी त्या जागी खुरपं घातलं. चिकट मातीचा तुकडा सुटत नव्हता. मोठ्या कष्टाने मूठभर खड्डा झाला. झारीतलं पाणी ओतलं, वरून कोरडी वाळू घातली आणि हात फिरवला. दिसायला काही फरक नव्हता. वरून गान साहेबांनी अंगठा उंचावला.

लाय-पेहनी त्या जागेवर अंगठा दाबला. बोट मुळापर्यंत आत गेलं. त्यांना कसंसंच वाटलं. चोरी केल्यासारखं नव्हे. भट्टीत कच्ची वीट जाऊ दिली की मुकादम सगळ्यांसमोर ती हातात घेऊन चुरायचा आणि म्हणायचा, "ही कोणाची?" तेव्हा वाटायचं तसं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मुद्दाम वाईट काम एकदाही केलं नव्हतं. कसं करायचं हेही त्यांना नीट येत नव्हतं. त्यांनी खुरप्याने वाळू काढून टाकली, ओली माती काढली, पिशवीतून नवी चिकणमाती आणली आणि थराथराने भरून धुम्मसाने चोपायला सुरुवात केली. घाव घालता घालता बनियन भिजलं.

गान साहेबांना वरून एवढंच दिसत होतं की लाय-पेह त्याच जागेवर जीव तोडून राबताहेत. त्यांनी दोन्ही अंगठे उंचावले.

दुपारी मैदान भरलं. चेअरमन पहिल्या रांगेत. पॉलिनो उंचवट्यावर चढला, खाली वाकला, त्या जागेवर अंगठा दाबला. मग त्याने कुंपणाच्या बाजूला नजर फिरवली. लाय-पेह तिथे उकिडवे बसले होते. पॉलिनोने मान किंचित खाली घातली. लाय-पेहनी दुसरीकडे पाहिलं.

नऊ डावांत रानडुकरांना दोनदाच चेंडूला धड बॅट लावता आली. एकही धाव नाही. पाचव्या डावापासून गान साहेब श्वास रोखून बसले होते की आता घसरेल, आता घसरेल. आठव्या डावात त्यांच्या लक्षात आलं. शेजारी चेअरमन चीत्कार ऐकत बसले होते. ढोल वाजत होता.

मॅच संपल्यावर गान साहेब धावत आले. "तुम्ही मऊ केली होती! मी डोळ्यांनी पाहिलं!"

"केली होती, साहेब," लाय-पेह म्हणाले. "मग परत घट्ट केली."

"का?"

लाय-पेह उंचवट्यावरचे खड्डे मोजत होते. "मऊ ठेवायला जमलं नाही," ते म्हणाले.

सोमवारी त्यांची बदली कारखान्यात झाली. रांजणांची झाकणं सकाळी उघडायची, संध्याकाळी लावायची. लाय-पेह गुपचूप गेले. पहिल्या दिवशी त्यांनी रांजणाच्या भोवतालची माती चाखली आणि फोरमनला सांगितलं, "खारट आहे. तुमचा एक रांजण गळतोय." शोधलं तर खरंच गळत होता, तोही आतल्या रांगेतला, दीड वर्षापासून.

मैदानावर त्यांच्या जागी कंत्राटी माणसं आली. त्यांनी पाइप लावून मातीला इतकं पाणी पाजलं की पहिला बेस गाठताना एक खेळाडू बूट मागे ठेवून पुढे गेला. पुढच्या मॅचला त्यांनी पाणी घातलंच नाही, तर चेंडू खडकावर आपटावा तसा उडाला आणि मधल्या खेळाडूच्या हनुवटीला लागला. बाराव्या दिवशी संघाच्या मुख्य पिचरने सांगितलं, "लाय-पेह येईपर्यंत माझा खांदा दुखतोय." दुपारपर्यंत सात जणांचे खांदे दुखू लागले.

गान साहेब स्वतः स्कूटरवरून कारखान्यात आले. लाय-पेह एका रांजणाच्या सावलीत डबा खात होते.

"चला, लाय-पेह."

"इथे बरं आहे, साहेब. सावली आहे. फोरमन मान देतो."

"काय हवंय तुम्हाला? सांगा. पगार?"

"पगार नको." लाय-पेहनी शांतपणे डबा बंद केला. "एक सकाळ तुम्ही धुम्मस धरायचा. सहा ते नऊ."

गान साहेबांनी पोटावर हात ठेवला, पण कबूल झाले. बुधवारी सकाळी टाय खिशात खुपसून त्यांनी तीन तास माती चोपली. सगळा संघ बाकांवर बसून बघत होता. "साहेब, कोपर सरळ!" "साहेब, पेजर वाजतोय!" नऊ वाजता गान साहेबांच्या तळहाताला दोन फोड आले होते. आ-लुईने त्यांना भाताची वाटी दिली, आणि त्यांनी ती उभ्या उभ्या दोन मिनिटांत संपवली. त्यानंतर उंचवट्याला लाथ मारायचा विचार त्यांच्या मनात परत आला नसावा.

त्या हिवाळ्यात ससाण्यांबरोबरचा करार संपला आणि पॉलिनो पुन्हा मोकळा झाला. ह्या वेळी गान साहेबांनी ना मेजवानी दिली, ना रांजण दाखवले. आशा सोडल्यासारखं एक पत्र टाकलं. दहा दिवसांत होकार आला. शहरभर चर्चा झाली की तो लाय-पेहच्या मातीसाठी येतोय. लाय-पेह वरवर म्हणायचे, "छे, कशाला," आणि केस कापून आले. मग पत्रकार परिषद झाली. कुणीतरी विचारलं, रानडुकरंच का? पॉलिनो बराच वेळ बोलला. कुंग बाई म्हणाल्या, "पाहुणे म्हणतात, ससाण्यांचा ट्रेनर रोज पहाटे पाच वाजता डोंगरावरच्या देवळाच्या आठशे पायऱ्या चढायला लावायचा. चियायीत डोंगर लांब आहे."

"आणखी काही?" मागून लाय-पेहनी विचारलं.

बाईंनी विचारलं. पॉलिनोने विचार करून आणखी एक कारण दिलं. "सोया सॉस टायरापेक्षा बरा."

लाय-पेहनी कापलेल्या केसांवर टोपी ओढली आणि मैदानाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी 'गोड दव' लिहिलेली जर्सी घालून पॉलिनो उंचवट्यावर चढला, अंगठा दाबला आणि नाक मुरडलं. लाय-पेहनी दाताळं फेकलं आणि त्याच्यावर धावून गेले. उतार अर्धा इंच कमी आहे, नाही, तुझा पाय अर्धा इंच जास्त लांब पडतोय, हे भांडण दोघांनी आपापल्या भाषेत वर्षभर चालवलं. कुंग बाईंनी पहिल्या आठवड्यातच त्यातून अंग काढून घेतलं. "ह्यांना दुभाषी नको," त्या म्हणाल्या, "शिट्टी वाजवणारा पंच हवा."

खेळाचं म्हणाल तर ते वर्ष बेताचं गेलं. पॉलिनोच्या खांद्याला खरंच दुखणं लागलं. सहा मॅच जिंकला, नऊ हरला. रानडुकरं पाचवी आली. पण चेअरमन आलेल्या दोन मॅचपैकी एक पॉलिनोने जिंकून दिली, आणि चेअरमननी आनंदाच्या भरात मैदानाला सॉसची अख्खी बरणी ओतून अर्पण केली, उंचवट्यापासून तीन हातांवर. लाय-पेह तो डाग घासत आठवडाभर शिव्या देत होते.

मैदानावरच्या गोंगाटात वर्ष काढून पॉलिनोने आमची बोली थोडीफार उचलली होती. त्यातलं एक वाक्य त्याला फार आवडलं होतं. रोज सकाळी आ-लुई गाडी लावायला आली की नवऱ्याला मोठ्याने हाक द्यायची, लाय-पेह लगेच हसून हात वर करायचे, आणि मग ती त्यांना गरम सोयाबीनचं दूध द्यायची. पॉलिनोने ठरवून टाकलं की हा इथला प्रेमाचा नमस्कार.

ऑक्टोबरात तो कायमचा घरी जायला निघाला. विमानतळाच्या बसपाशी संघ रांगेत उभा होता. गान साहेब सूट घालून आले होते. पॉलिनोने त्यांच्यासमोर बूट जुळवले, कमरेतून वाकून अदबीने नमस्कार केला आणि स्वच्छ उच्चारात म्हणाला, "काय रे म्हाताऱ्या माकडा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

आ-लुईने पदरासारखा ॲप्रन तोंडावर घेतला. लाय-पेह बसच्या चाकाकडे बघू लागले.

गान साहेबही तितकेच खाली वाकले.

"नाही," ते म्हणाले. "ह्या संघात आल्यापासून नाही."

बस सुटली. पॉलिनो खिडकीतून दोन्ही हात हलवत होता आणि आपलं काही चुकलं नाही ह्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. लाय-पेह मात्र बस वळायची वाट न बघता मैदानाकडे निघाले. दोन वाजता शाळांच्या मॅच होत्या, आणि पोरं चालतात कशी, उंचवट्याची वाट लावतात कशी, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.